बिबट्याच्या घरी, बोरिवली ईस्ट

आमच्या ऑफिसातला एक कलीग हनिमूनला दक्षिण आफ्रिकेत जाऊन आला. तिथल्या क्रुगर नॅशनल पार्कमध्ये म्हणे चक्क चालत जंगल बघता येतं. जास्तीत जास्त आठ जण, बरोबर दोन गाइड, दोघांकडे रायफल. लंच टाइमभर त्याचे फोटो बघून आम्ही सगळे जळून खाक! आणि खर्चाचा आकडा ऐकून तेवढेच गार. कुणीतरी म्हणालं, ‘अगं, तू तर बोरिवलीची. तुझ्या खिडकीखाली बिबट्या आहे की.’

आहे ना. म्हणूनच तर त्याच आठवड्यात मी एका कागदावर सही केली होती. सोसायटीच्या मागच्या भिंतीवर रात्री बिबट्या बसलेला सीसीटीव्हीत दिसला. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी काका वनखात्याला द्यायचं पत्र घेऊन दारोदार. पिंजरा लावा, याला लांब कुठेतरी सोडा. मला ८.१२ पकडायची होती. नीट न वाचताच सही ठोकली.

तर ऑक्टोबरातल्या एका रविवारी, सकाळी सात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, शिलोंडा ट्रेल. इथे परवानगी आणि गाइडशिवाय जाता येत नाही. आमचे गाइड दादा उद्यानातल्याच एका पाड्यावरचे, वारली. हातात फक्त काठी. मी विचारलं, ‘बिबट्या आला तर या काठीने?’ ते हसले. ‘नाही ताई, ही जाळी बाजूला करायला.’

खरंच, पावसाळा संपता संपता या वाटेवर दर दहा पावलांवर जायंट वुड स्पायडरचं जाळं. मादी तळहाताएवढी, नर नखाएवढा आणि बिचारा एका कोपऱ्यात. ‘आमच्याकडे पण असंच आहे,’ मागून एका नवऱ्याची कुजबुज. ओढ्याकाठच्या चिखलात नीलवंत बसलं होतं. काळं मखमली, निळे पट्टे. २०१५ पासून हे महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, हे तुम्हाला माहीत होतं? मला नव्हतं. हायवेचा आवाज कधी बंद झाला तेही कळलं नाही.

मग वाटेत वाळलेली, पांढुरकी विष्ठा. दादांनी काठीने उकलली, आत केसच केस. ‘बिबट्या.’ सगळ्यांचे मोबाइल बाहेर! २०१५ साली निकित सुर्वे या संशोधकाने इथे कॅमेरे लावून बिबटे मोजले, तेव्हा उद्यान आणि आजूबाजूच्या भागात ३५ सापडले. जंगल जेमतेम १०४ चौरस किलोमीटर. खाणं मुख्यतः चितळ-सांबर, पण भटक्या कुत्र्यांचा वाटाही मोठा.

तेवढ्यात उजवीकडून चितळाचा कॉल. तीक्ष्ण, एकदा, परत एकदा. दादांनी हात वर केला. आम्ही जागच्या जागी. खोटं कशाला सांगू, माझे पाय लटपटत होते. दहा मिनिटं तसेच उभे. काही आलं नाही. येऊ नये असंच मला वाटत होतं आणि न आल्याचं वाईटही वाटलं.

परतताना मी पत्राची गोष्ट काढली. दादा म्हणाले, ‘याला नेलात तर दुसरा येईल. जागा रिकामी राहत नाही.’ घरी येऊन शोधलं तर विद्या अत्रेय यांचा जुन्नरचा अभ्यास सापडला. २००१ नंतर तिथले बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागले, आणि माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेले. अनोळखी ठिकाणी टाकलेला प्राणी अजूनच बावचळतो.

‘पण तुम्हाला भीती नाही वाटत?’

‘वाटते ना. पोरगी रात्री बाहेर निघाली की मी बरोबर जातो. बॅटरी, मोबाइलवर गाणं. वाघोबाला हात जोडतो तेही त्यासाठीच.’ ते थोडे थांबले. बाजूच्या आरेमध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये, ऐन दिवाळीत, सोळा महिन्यांची मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. भिंतीच्या आत, चौथ्या मजल्यावर राहणारी मी यावर काय बोलणार? मग त्यांनीच विचारलं, ‘तुमच्या बिल्डिंगमागे कचरा असतो का, ताई?’

असतो. ढीगभर. आणि त्यावर बारा-पंधरा कुत्री, ज्यांना आमच्याच बी विंगमधून रोज रात्री पोळ्या जातात.

तुम्हालाही जायचं असेल तर आधी बुकिंग करा, सोमवारी उद्यान बंद असतं. फुल पँट, मळके रंग, परफ्यूम नको. बिबट्या दिसेलच अशी आशा तर अजिबात नको.

संध्याकाळी काकांचं दार वाजवलं. पत्र अजून टीव्हीवरच पडलं होतं. ‘काका, माझी सही खोडा.’

‘अगं, बेचाळीस जणांनी केलीये! मग करायचं काय आपण?’

मी कचऱ्याचं सांगितलं. लाइटचं सांगितलं. काका चष्मा काढून म्हणाले, ‘हे सगळं जनरल मीटिंगमध्ये बोल. तीन वर्षांत एकदा तरी ये.’

पुढच्या रविवारी आहे मीटिंग. सकाळी दहा वाजता, गच्चीवर.