कापूस कुठं टाकायचा?

मार्च २०२० मध्ये पुण्याच्या खोलीला कुलूप लावून मी गावी आलो. भोकरदन तालुक्यातलं आमचं गाव. पंधरा दिवसांत परत जाऊ असं वाटलं होतं, राहिलो दीड वर्ष. पुढच्या खोलीत बसून काम करायचो आणि व्हिडिओ कॉलवर माझ्या मागं जे दिसायचं त्याची मला लाज वाटायची. पोपडे आलेली भिंत, खुंटीवर आप्पांचा सदरा, भिंतीतल्या देवळीत विळा, बीपीच्या गोळ्या आणि सातबाऱ्याची प्लास्टिकची पिशवी.

२०२१ च्या उन्हाळ्यात, साठवलेले साडेतीन लाख घालून मी ती खोली 'करायला' घेतली. अठरा बाय बारा फुटांची खोली. लॅपटॉपवर तिचं थ्रीडी चित्र तयार केलं. पीओपीचं सीलिंग, त्यात सोळा दिवे, पश्चिमेच्या भिंतीला सहा फुटी काचेची खिडकी, टीव्हीमागं खाचांचं पॅनल, चकचकीत पांढरी फरशी, एल आकाराचा फिकट राखाडी सोफा. देवळ्या बुजवायच्या, खुंट्या काढायच्या. आप्पांनी चित्र बराच वेळ पाहिलं आणि एकच विचारलं, "कापूस कुठं टाकायचा?"

मी हसलो. म्हणालो, "आप्पा, हॉलमध्ये कुणी कापूस टाकतं का? मागं पत्र्याचं शेड मारू." शेडचे पैसे सीलिंगमध्ये संपले.

आमच्याकडं वेचणी सुरू झाली की कापूस घरात येतो. ज्याला पैशाची निकड असते तो लगेच विकतो. ज्याला थोडी कळ काढता येते तो पुढची खोली रिकामी करून तिथं कापूस रचतो आणि भावाची वाट बघतो. शेतकऱ्याच्या हातात भाव नसतो. थांबायचं की विकायचं एवढंच असतं. आणि थांबायला कोरडी, कुलूपबंद जागा लागते. आमची पुढची खोली ही ती जागा होती. मी तिला बैठकीची खोली समजत होतो.

त्या वर्षी सप्टेंबरच्या अतिवृष्टीतून वाचलेला पंधरा क्विंटल कापूस हाती आला. दिवाळीनंतर व्यापाऱ्याचा टेम्पो दारात आला, आठ हजारांच्या आसपास भाव बोलला आणि आप्पांनी सगळा माल काट्यावर घातला. मला आश्चर्य वाटलं, पण विचारलं नाही. पुढं भाव चढतच गेला. एप्रिल २०२२ पर्यंत दहा हजारांच्या पुढं गेला. तीस हजारांहून जास्त गेले. माझा सोफा साधारण तेवढ्यालाच आला होता.

कारण आईनं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. टेम्पो येण्याच्या आदल्या रात्री दोघं बोलत बसले होते. आप्पा म्हणाले होते, "पोरानं एवढा पैसा घातलाय, खोली खराब झाली तर त्याला काय वाटंल?"

इथं हिशेब सरळ ठेवला पाहिजे. पुढच्या हंगामात आम्ही सोफा उभा करून मागच्या खोलीत ढकलला आणि कापूस हॉलमध्ये टाकला. ठिणगी नको म्हणून आप्पांनी सीलिंगच्या दिव्यांची वायर काढून टाकली. आणि त्या वर्षी भाव पडला. सुरुवातीला नऊ हजारांच्या जवळ असलेला कापूस जून २०२३ मध्ये आम्ही सात हजारांच्या आत विकला. म्हणजे साठवलं की फायदाच होतो असं नाही. पण दुसऱ्या वर्षी आप्पांचा अंदाज चुकला. पहिल्या वर्षी त्यांना अंदाज बांधायची संधीच मिळाली नाही. तो निर्णय माझ्या हॉलनं घेतला.

घर सजवताना काय चुकतं, असं मला आता मित्र विचारतात. रंग, पडदे, दिवे या चुका नंतर येतात. पहिली चूक म्हणजे खोली एका दिवसाची समजणं. माझ्या थ्रीडी चित्रात कायम सकाळचे दहा वाजलेले होते आणि खोलीत माणूस नव्हता. खरी खोली बारा महिन्यांची असते. मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो तेव्हा ती कशी असेल? खळ्यावर मळणी चालू असते तेव्हा? घरात लग्न किंवा दहावा असतो तेव्हा? मी हे विचारलं असतं तर बाकीच्या चुका टळल्या असत्या.

पश्चिमेची काच दुपारी तीननंतर भट्टी होते. मी जाड पडदे लावले, उपयोग झाला नाही. ऊन काचेतून आत आलं की उष्णता आतच राहते. ते बाहेरच अडवावं लागतं. शेवटी बाहेरून अडीच फुटी छज्जा काढला. सीलिंगनं स्लॅबची धग थोडी अडवली, पण उंची फूटभर गेली. गच्चीवर पांढरा चुना मारला असता तर फार कमी पैशात ते काम झालं असतं. पॅनलच्या खाचांत मळणीची धूळ बसते, ती आई जुन्या टूथब्रशनं काढायची. चकचकीत फरशीवर ओल्या पायांनी ती दोनदा घसरली. दुसऱ्यांदा मनगट सुजलं. आणि सोफ्यावर सहा माणसं बसतात. सतरंजी टाकली की त्याच खोलीत चाळीस बसायची.

यावर 'जुनं ते सोनं' म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. आजोबांचं घर माळवदाचं होतं. लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. मेमध्येही आत गारवा असायचा म्हणतात. पण ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीच्या भूकंपात अशाच जड छतांखाली आणि दगडमातीच्या भिंतींखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर आप्पांना त्या घरात झोप लागेना. त्यांनी पैसे जमवून माळवद उतरवलं आणि स्लॅब टाकला. त्यांनीही घर बदललंच होतं. फक्त त्यात झोपणारी माणसं डोळ्यांसमोर ठेवून बदललं.

आता मागं शेड झालंय, पक्क्या कोब्याचं. हॉलच्या फरशीवर दारापासून मोरीपर्यंत खरखरीत पट्टी आहे. सोफ्याचा एक भाग मामाकडं गेला. गेल्या दिवाळीत मी गवंड्याला बोलावून एक देवळी पुन्हा मोकळी करून घेतली. कोणती, ते या वेळी आईला विचारलं. तिनं दाराजवळची दाखवली. "गोळ्या हाताशी पाहिजेत," म्हणाली.

खुंट्यांचं आप्पांना विचारलं तर म्हणाले, "राहू दे आता, खुर्चीवर टाकतो सदरा." तरी मी दोन ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलवर बसलो तेव्हा माझ्या मागं सदरा लटकत होता.