आत्याचा मोहा

चैत लागला की आमच्या घरी चारला उठणं. मोहाची फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत वेचली नाहीत तर ढोरं खातात. आत्या टोपली घेऊन पुढं, मी कंदील घेऊन मागं. आदल्या दिवशीच तिनं झाडाखालचा पाला झाडून जागा साफ केलेली असायची. गावातले बरेच लोक पाला जाळून टाकतात, ती जाळत नसे. मुळाला झळ लागते म्हणायची.

हा मोहा चिचगडला, काकाजींच्या बांधीच्या धुऱ्यावर. पण तो काकाजींचा नव्हता. आत्या तरुणपणी रांडावली आणि माहेरी परत आली. आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा बांध्या दोन्ही पोरांना दिल्या आणि चार माणसांसमोर सांगितलं, "धुऱ्यावरचा मोहा पोरीचा. जमीन कोनाचीबी असो, फुलं पोरीचे, टोळ पोरीची." झाडीपट्टीत यात नवल काही नाही. जमीन एकाची आणि मोहा दुसऱ्याचा, असं कितीतरी घरांत आहे. फुलं वाळवून विकायची, टोळीचं तेल काढायचं; आत्याचं लुगडं, औषधपाणी, आम्हा पोरांच्या हातावर यात्रेला ठेवायचे पैसे, सगळं त्या झाडातून निघायचं.

2022 साली काकाजींनी मला नागपूरहून बोलावून घेतलं. हार्वेस्टर बांधीत उतरवायचा तर मोहा आडवा येत होता. "बाबू, तुहं अक्षर चांगलं हाय. अर्ज लिहून दे." मी लिहून दिला. गट क्रमांक, झाडाची जात, कारण. आणि अशा अर्जात शोभेल असं एक वाक्य मीच मनानं घातलं: सदर झाडावर अन्य कोणाचाही हक्क नाही. लिहिताना आत्या अंगणात तांदूळ पाखडत होती.

तिला वाचता येत नव्हतं.

गंमत अशी की त्याच्या आदल्याच वर्षी, 2021 मध्ये, राज्यानं शहरांतल्या झाडांचा 1975 चा कायदा सुधारला होता. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'वारसा वृक्ष' ठरलं. ते तोडायचं तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावा, असा नियम आला. नागपुरात पेपरात ते वाचून मला बरं वाटलं होतं. पण तो कायदा महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीतला. चिचगड ग्रामपंचायतीचं गाव. नावातच झाड असलेलं, कारण आमच्या बोलीत चिंचेला चिचच म्हणतात. इथं आजोबांच्या आजोबांनी पाहिलेला मोहा असला तरी तो वारसा ठरत नाही.

आम्हाला लागू होतो तो 1964 चा वृक्षतोड कायदा. त्याच्या यादीत सोळा जाती आहेत. साग, आंबा, चिंच, जांभूळ, फणस, हिरडा, ऐन, बीजा, खैर अशी नावं आहेत आणि मोहासुद्धा आहे. यादीतलं झाड स्वतःच्या शेतात असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. कायदा वाईट नाही. तो नसता तर ठेकेदारांनी धुरे केव्हाच बोडके केले असते. पण तो जात ओळखतो, झाड ओळखत नाही. झाड म्हणजे मोहा, मालक म्हणजे सातबारावर नाव असलेला माणूस. मालकानं तोडू नये याची काळजी त्यात आहे. मालक नसलेल्या बाईचं काय, हे विचारायला त्यात जागा नाही. महसूल कायद्यात वाजिब-उल-अर्ज नावाचा जुना कागद आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट, पाणी, मासेमारी असे गावाचे रिवाज त्यात लिहितात. वनहक्क कायद्यानं 2006 साली जंगलातली मोहफुलं वेचणाऱ्यांचा हक्क मानला. पण भावाच्या धुऱ्यावरचा बहिणीचा मोहा यातल्या कशातच बसत नाही. तो बसतो फक्त चार माणसांच्या आठवणीत, आणि त्यातली तीन माणसं तोवर गेली होती.

पाहणीला वनविभागाचा माणूस आला तो नेमका फुलांच्या दिवसांत. त्यानं टेप काढून छातीइतक्या उंचीवर गोलाई मोजली. आत्या खाली बसून वेचत होती. ती उठली नाही, टेपखालून टोपली तेवढी सरकवली. त्यानं सहज विचारलं, "आजी, रोज किती निघते?" आत्या म्हणाली, "बरा असला का दोन टोपल्या. यंदा कमी हाय." मग त्यानं काकाजींकडं पाहिलं. अर्ज त्याच्या हातात होता. काकाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "साहेब, ऱ्हाऊ द्या. अर्ज वापस घेतो." हार्वेस्टरसाठी त्यांनी पलीकडच्या अंगाला धुरा फोडला, बांधीची पट्टी त्यात गेली. माझ्याशी ते आठ दिवस बोलले नाहीत. मी काय केलं होतं? त्यांनी सांगितलं तेच. पण ते वाक्य माझं होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा वड पडल्याची बातमी आली. चारशे वर्षांचा म्हणत. 2020 साली रत्नागिरी-नागपूर महामार्गात तो जाणार होता. लोक उभे राहिले, मंत्र्यांपर्यंत पत्रं गेली आणि रस्त्याची आखणी बदलली. दोन वर्षांनी पावसा-वाऱ्यात तो आपसूक उन्मळला. ती बातमी मी आत्याला वाचून दाखवली. तिनं विचारलं, "वडाचं तं झालं. मंग आता रस्ता कुठून जाते?" मला सांगता आलं नाही.

आत्या परवाच्या पावसाळ्यात गेली. या चैतात फुलं माझ्या चुलतभावाच्या बायकोनं वेचली, थोडी शेजारच्या पोरींनी. कोणी कोणाला विचारलं नाही. मागच्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला, दादा, त्या जुन्या अर्जाची नक्कल असेल तर पाठव. नक्कल माझ्या कपाटात आहे. मी म्हटलं, शोधतो. मग विचारलं, "त्यातलं शेवटचं वाक्य तू काय लिहिशील?"

तो म्हणाला, "कोनतं वाक्य?"