थैलीतलं पार्सल

पुणे,
शनिवार

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, त्याखालचे सगळे स्क्रीनशॉटही पाहिले. फोनच केला असता, पण तू मधे मधे ‘हो, पण मावशी’ करत राहशील आणि माझं सांगणं अर्धवट राहील. म्हणून पत्र. सावकाश वाच.

तू सावंतवाडीहून नाशिकच्या बाईंना पाठवलेली लाकडी भातुकली बुधवारपासून ‘बॅग डिस्पॅच्ड’ या एकाच ओळीवर बसली आहे आणि ती हरवली असं तू धरून चालली आहेस. तशी शक्यता फार थोडी. काउंटरवर तुझ्या पार्सलाचा बारकोड वाचला, तेव्हा ‘आयटम बुक्ड’ उमटलं. मग ते बाकीच्या पार्सलांबरोबर थैलीत गेलं, थैलीचं तोंड बंद झालं आणि थैलीला तिचं स्वतःचं लेबल, स्वतःचा बारकोड लागला. आता ती उघडेपर्यंत वाटेत जे काही स्कॅन होईल ते थैलीचं. वऱ्हाडाची बस सुटली की टोलनाक्यावर बसचा नंबर टिपतात, आत खिडकीशी कोणती आत्या बसली आहे ते नाही. माणसं मोजायची ती मांडवापाशी उतरल्यावर. पुढच्या छाननी केंद्रात थैली उघडली की पार्सलं पुन्हा एकेक करून वाचली जातात आणि तुझ्या पानावर एकदम तीन-चार ओळी दिसतात, बहुधा अपरात्री.

आमच्या सोसायटीत आरएमएसमधून, म्हणजे रेल्वे मेल सर्व्हिसमधून, निवृत्त झालेले एक काका आहेत. रेल्वेच्या डब्यात रात्रभर उभं राहून टपालाची छाननी करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. एवढा बारकोडांचा पसारा असून पार्सल या घटकेला नेमकं कुठे आहे ते का सांगता येत नाही, असं मी त्यांना एकदा तावातावाने विचारलं. ते शांतपणे म्हणाले, ‘ते सांगायला हे केलेलंच नाही. पूर्वी थैली या हातातून त्या हातात जाताना सही व्हायची. तीच सही आता यंत्र करतं.’

तेव्हापासून मी ते पान तसंच वाचते. पार्सल कुठे आहे हा प्रश्न त्याला विचारतच नाही. शेवटचं ते कोणाच्या ताब्यात होतं, एवढंच विचारते. त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. तक्रार करायची वेळ आली तर उपयोगी पडतं तेही तेवढंच.

आपल्या गिऱ्हाइकांना मात्र हे ठाऊक नसतं. जेवण मागवलं की नकाशावर स्कूटर वळणं घेताना बघायची त्यांना सवय. लाकडी फळांची परडी सावंतवाडीहून निघाली तर तीही आंबोलीच्या घाटात वळणं घेताना दिसावी, असं त्यांना वाटतं. काही खाजगी कंपन्या पानावर छोटा ट्रक पुढे सरकताना दाखवतात. ती निव्वळ करमणूक समज. ‘अपेक्षित दिनांक’ही साधारणपणे या पिनकोडापासून त्या पिनकोडापर्यंत एरवी किती वेळ लागतो त्यावरून काढलेला असतो. तुझ्या खोक्याची खबर घेऊन कोणी ती तारीख टाकलेली नसते.

पिनकोडावरून आठवलं. पणजीच्या एका गृहस्थांनी तुला लिहिलंय ना, ‘इथे हाकेच्या अंतरावर आहे तरी इतके दिवस?’ त्यांचं अंतर नकाशावरचं आहे, टपालाचं नव्हे. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला. त्याची आखणी करणारे टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्याच मुलखातले, आणि संस्कृतात नाटकं लिहिणारे. पहिला आकडा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा, शेवटचे तीन बटवड्याचं पोस्ट. तुझा पिन ४१६ने सुरू होतो आणि कोल्हापूर-सांगलीचाही ४१६नेच, गोव्याचा ४०३. म्हणजे डोंगराने जे तुटलं ते पिनाने जोडलं, आणि बांद्याच्या नाक्यापलीकडचं गाव पिनाने परकं ठरलं. पार्सल आधी मोठ्या केंद्रात जाणार आणि मग तिथून गोव्याकडे वळणार. त्या गृहस्थांना वेलणकरांची गोष्ट सांगू नकोस. ‘गोव्यालाही बाकीच्या राज्यांइतकेच दिवस धरा’ एवढं ऑर्डर घेतानाच लिहून टाक.

पत्ते घेताना पिन पहिल्यांदा माग आणि गावाशी ताडून बघ. पत्त्यातल्या इतर चुका पोस्टमन सांभाळून घेतो, ‘दत्तमंदिरामागे, पिवळा बंगला’ एवढ्यावर घर शोधून काढतो. पण पिन चुकला तर पार्सल त्या पोस्टमनपर्यंत पोचतच नाही.

आता खाजगी कुरिअरविषयी. चार कंपन्यांचे दर एकत्र दाखवणारी जी साइट तू धरली आहेस, तिथे लेबल तयार केल्या क्षणी गिऱ्हाइकाला ‘तुमची ऑर्डर निघाली’ असा मेसेज जातो. खोकं मात्र तुझ्या ओसरीवर, पिकअपवाला उद्या येणार. मधे रविवार आला तर तू खोटारडी ठरतेस. तेव्हा लेबल पिकअपच्या दिवशीच काढ. शिवाय काही आडगावी शेवटचा टप्पा दुसऱ्याच कंपनीकडे जातो, तिथे नंबर बदलतो आणि जुन्या नंबरावर कायमची शांतता. अशा वेळी नवा नंबर मागून घ्यायचा आणि तो गिऱ्हाइकाला आपणहून कळवायचा.

‘डोअर लॉक्ड’ या शेऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नकोस. लातूरच्या एका मास्तरांना मी जुन्या पुस्तकांचा गठ्ठा पाठवला होता. त्या कुरिअरचं नाव घेत नाही. ‘दार बंद’ असा शेरा आला तेव्हा मास्तर दारातच खुर्ची टाकून बसले होते, कारण गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. दुसऱ्या दिवशी ‘डिलिव्हर्ड’ आलं, तेव्हाही ते खुर्चीतच. गठ्ठा शेवटी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, साबणाच्या खोक्यांमागे सापडला. तो शोधला मास्तरांच्या नातवाने. मी इथून फक्त फोन करत होते. कॅश ऑन डिलिव्हरीत तर असा खोटा शेरा चांगलाच महागात पडतो. माल ‘आरटीओ’, म्हणजे ‘रिटर्न टू ओरिजिन’, होऊन परत येतो, जातानाचं आणि येतानाचं दोन्ही भाडं तुझ्या माथी, आणि तुझ्या लाखकामाच्या आंब्याला टवका गेलेला. नवख्या गिऱ्हाइकाकडून आधी पैसे घे. चार ऑर्डरी गेल्या तरी चालतील.

१ ऑक्टोबर २०२५पासून स्पीड पोस्टाला ओटीपीची सोय आहे. नगाला ५ रुपये आणि वर जीएसटी. ओटीपी सांगितल्याशिवाय पार्सल हातात पडत नाही. गंजिफाच्या पत्त्यांच्या संचासारखी महाग वस्तू असेल तर हे घेच, आणि विमाही उतरव. पार्सल गहाळ झालं तर स्पीड पोस्टाची भरपाई टपालखर्चाच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातली कमी असेल ती. गंजिफाचं एकेक पान हाताने रंगवणाऱ्याच्या मजुरीशी त्या रकमेचा काही संबंध नाही. उशिराबद्दल मिळालाच तर भरलेला टपालखर्च परत. पावती जपून ठेव, तिच्याशिवाय कोणी दाद देत नाही. आणि ‘रजिस्टर करू का’ असं विचारू नकोस. २०२५मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं आहे.

पावतीवरचा नंबर गिऱ्हाइकाला हाताने टाइप करून पाठवतेस, ते आधी थांबव. पावतीचा स्वच्छ फोटो पाठव. त्या तेरा जागांत दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं असतात. नववा आकडा आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर बहुतेक वेळा ‘असा नंबर नाही’ असंच उत्तर येतं. गिऱ्हाईक मात्र समजतं की आपल्याला फसवलं. माझ्याकडे रागाने आलेल्या मेसेजांत असे बरेच निघाले.

परदेशाची गोष्ट थोडी निराळी. हा तेरा जागांचा नंबर जगभर एकाच पद्धतीचा असतो. पार्सल मुंबईतून विमानाकडे गेलं की आपल्याकडचं पान गप्प होतं, आणि तिकडच्या कस्टमपर्यंत ते गप्पच राहतं. तिकडे उतरलं की तोच नंबर त्या देशाच्या टपालाच्या साइटवर घालायचा. तिथे पुढचं दिसतं. हे न्यू जर्सीच्या माणसाला पहिल्याच मेसेजात सांगून ठेवलं तर तो आपल्या पानाकडे टक लावून बसत नाही.

२०२५ची दिवाळी तुला आठवत असेल. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली जकातीची सूट अमेरिकेने २९ ऑगस्टपासून काढून घेतली. पण नवी जकात कोणी, कशी वसूल करायची हेच ठरलेलं नव्हतं, त्यामुळे विमान कंपन्या टपाल उचलेनात. आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून अमेरिकेची बहुतेक पार्सलं थांबवली आणि थोड्याच दिवसांत पत्रांसकट सगळंच बंद झालं. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन तर पुढच्याच आठवड्यात. तिकडच्या मराठी मंडळींचे दिवाळी अंक माझ्याकडे रांगेने पडून होते. त्या दिवसांत मी कोणालाही लिंक पाठवली नाही. प्रत्येकाला दोन ओळी लिहिल्या: हे असं झालं आहे, कधी सुरू होईल सांगता येत नाही, थांबणार की पैसे परत हवेत? जवळजवळ सगळे थांबले. एका बाईंनी तर आणखी एक अंक मागवला. माणसाला उशीर सोसतो गं, आपल्याला कोणी विचारत नाही हे सोसत नाही. म्हणून ते ‘डियर कस्टमर’वाले आपोआप जाणारे मेसेज आजच बंद कर. दिवसाला तुझी पार्सलं ती किती! हाताने लिही. ‘तुमची थैली निघाली आहे, ती उघडेपर्यंत पान बदलणार नाही, मंगळवारी मी पुन्हा बघते’ इतकं पुरे. आणि मंगळवारी खरंच बघ, बदल नसला तरी ‘अजून नाही’ म्हणून कळव. त्यानंतरही ओळ हलली नाही तर पावती काढून ऑनलाइन तक्रार नोंदव आणि तक्रारीचा नंबरही त्यांना दे.

या वर्षी अमेरिकेच्या ऑर्डरी घेणार असशील तर जकात किती आणि ती कोणी भरायची, हे पार्सल बुक करताना पोस्टात आधी विचारून घे आणि किमतीतच धर. दिवाळीसाठी शेवटची तारीख गणपतीच्या आधीच जाहीर कर. नंतर कोणी कितीही गोड बोललं तरी ती पुढे ढकलू नकोस, तुझ्या आईच्या मैत्रिणीची मुलगी असली तरी.

मला छोटं पोळपाट-लाटणं आणि दोन वांगी हवी आहेत, शेजारच्या नातीसाठी. पैसे पाठवते, मावशी म्हणून सूट नको. ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी