ताडोबाची दैनंदिनी : भाग दुसरा

रविवार, मोहर्ली

उन्हं कलल्यावर चंद्रपुरातून निघालो. गोंड राजांच्या परकोटातला जटपुरा गेट, मग दुर्गापूर, औष्णिक केंद्राची धुराडी, पद्मापूरच्या खाणीकडचे कोळशाचे ट्रक. पाठोपाठ पानगळीचा साग सुरू झाला. तीसेक किलोमीटरांत शहर संपून जंगल! इरई धरणाचं पाणी डावं-उजवं न करता वाघालाही पुरतं आणि वीजकेंद्रालाही.

सोमवार, ताडोबा तलाव

पहाटे गेटवर मोबाईल जमा करून जिप्सीत बसलो. महाराष्ट्रातलं हे सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, 1955 सालचं. तेव्हा ते 116 चौरस किलोमीटरांचं होतं. 1986 मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. रस्त्याकडेला गोंडकालीन दगडी खांब ओळीनं उभे आहेत. वानरानं खाकरून इशारा दिला, चितळांनी कान टवकारले. आम्ही पाऊण तास डोळे ताणून बसलो. धुळीत ताजा पंजा उमटलेला, वाघ मात्र नाही.

तलावाच्या काठी तारूचं ठाणं आहे. हा गोंडांचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला, असं सांगतात. त्याचाच ताडोबा देव झाला. पौषात इथे आदिवासींची जत्रा भरते. वाघ बघायला येतो आपण, पण जंगलानं नाव घेतलंय ते वाघानं मारलेल्या माणसाचं.

मंगळवार, बफरमधलं एक गाव

आज पार्कला साप्ताहिक सुट्टी. गावातल्या बायांबरोबर उजाडताच मोहफुलं वेचायला गेलो. रात्रभर टपटपलेली फुलं, तो गोड, आंबूस वास. चौघी वाकून वेचत होत्या, पाचवी नुसतीच उभी.

“वाकला का माणूस जनावरावानी दिसते जी,” एक आजी म्हणाल्या. “म्हणून एकजण उभी रायते.”

मी टोपलीसाठी हात पुढे केला. आजींनी टोपली उभ्या असलेल्या बाईकडे दिली आणि मला म्हणाल्या, “तुमी उभे राहा.”

तासभर झाडीवर नजर लावून उभा होतो. काल वाघ दिसावा म्हणून डोळे ताणले होते. आज दिसू नये म्हणून.

उद्या मूलवरून गडचिरोली.