सुराची दांडी

दांडी म्हटलं की आम्हा मास्तर मंडळींना आधी हजेरीपट आठवतो. ही दांडी वेगळी. इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजमध्ये फिरवून बसवलेली ही वाकडी पोलादी सळई. तिला सगळं जग ट्रेमोलो म्हणतं. नावच चुकीचं. ट्रेमोलो म्हणजे आवाजाचं लहानमोठं होणं. दांडी हलवते तो सूर, आणि त्याला शब्द आहे व्हायब्रेटो. लिओ फेंडर यांची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली तेव्हा त्यांनी दांडीला ट्रेमोलो म्हटलं आणि पुढे अ‍ॅम्प्लिफायरवर, जिथं आवाज खरोखर लहानमोठा होतो तिथं, व्हायब्रेटो लिहिलं! आमच्या वर्गातल्या मुलाने असं लिहिलं असतं तर अर्धा गुण गेला असता.

आमचा भाचा नववीत आहे. त्याने कुणाची तरी वापरलेली, स्ट्रॅटच्या घाटाची बिननावाची गिटार आणली. दुल्हाभाईंना बाजा घरात नको, म्हणून ती आमच्या खोलीत असते. मगरिबनंतर येतो, इशाच्या अजानआधी ठेवून जातो. आम्ही राहतो मिरजेत. इथं हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सतारी घडवायला घेतल्या. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्या दर्ग्याच्या आवारात आहे. एवढं सगळं आम्ही दुल्हाभाईंना ऐकवलं. ते म्हणाले, “वो सितार है मास्टर, ये शोर है.”

शोर होताच, नाही कसं म्हणणार? पण निम्मा दोष दांडीचा होता. ती लांब होती आणि ढिली होती. पोरगा नखीने तार छेडायचा, तेवढ्यात दांडी खाली लोंबायची. शोधून धरेपर्यंत सूर विझलेला. पिंक फ्लॉइडचे डेव्हिड गिलमोर आपली दांडी कापून सव्वाचार इंचांच्या आसपास ठेवतात, म्हणजे नखी बोटांत असतानाही ती तळव्याखाली राहते. शॅडोज या बँडच्या हँक मार्विन यांनी ती खास वाकवून घेतली, तीही त्याचसाठी. मग आमच्या पोराच्या हातासाठी का नको?

एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडे गेलो. आट्यांच्या बाजूला हात लावायचा नाही, दुसरं टोक कापायचं, व्हाइसमध्ये धरून बाक थोडा वाढवायचा. कापण्याआधी पोराचा हात गिटारवर ठेवून पेन्सिलीने खूण केली होती. दांडी आखूड झाली की जोर जास्त लागतो, पण हाताला कमी अंतर फिरावं लागतं. मराठीतली तरफ, उर्दूतला बैरम. आम्ही हा धडा दर वर्षी कात्रीवर शिकवतो, यंदा गिटारवर शिकवला. ढिलेपणावर प्लंबरची पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन वेढे. मागचं झाकण उघडून स्प्रिंगा पाहिल्या: एकीकडे तारांची ओढ, दुसरीकडे स्प्रिंगांची, आणि मधे ब्रिज. स्प्रिंगांच्या पंज्याचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा फिरवत, दर वेळी सहाही तारा पुन्हा लावत, दोन संध्याकाळी गेल्या. तारा जिथं अडकतात त्या नटच्या खाचांत शिसपेन्सिलीची पूड भरली. ती वस्तू आमच्या खिशात कायमच असते.

शेजारी एक चाचा आहेत, सतारीची जवारी काढण्यात उमर गेली. ते म्हणाले, “पडदे ठोकून बसवलेत. यात मींड कुठून येणार?” प्रश्न खरा आहे. पडद्यावर तार आडवी ओढली की सूर चढतो, सोडली की परत येतो. पण त्या पडद्याच्या खाली तो जात नाही. दांडी तेच करते. ती दाबली की तारा सैल पडतात आणि सूर पडदा सोडून खाली उतरतो. ब्रिज किंचित अधांतरी ठेवला तर ती वर ओढून सूर चढवताही येतो. जेफ बेक हे २०२३ च्या जानेवारीत गेले. बल्गेरियातल्या बायकांचं समूहगान ऐकून १९८९ साली त्यांनी एक धून केली, तीत दांडीवर गळा गातो. आम्ही ती चाचांना मोबाइलवर ऐकवली. चाचांनी डोळे मिटून ऐकली. “ये आदमी गाना सुना हुआ है,” एवढंच बोलले.

मग भाच्याला म्हणाले, “बेटा, दांडी कितना भी हिला. छोडने के बाद सूर घर पे आना मंगता.” त्यांनी स्वतः कान लावून तपासलं. पाच तारा घरी आल्या, तिसरी केसभर चढी राहिली. पुन्हा पेन्सिल काढली.

दुल्हाभाई अजून ऐकायला आलेले नाहीत. परवा मात्र मगरिबनंतर दारातून विचारून गेले, “मास्टर, वो लेथवाले ने कितना लिया?”