चौथ्यांदा

उर्दू शाळेत मुलांना अखलाक शिकवायचो आणि संध्याकाळी परक्या वस्तीत जाऊन प्यायचो. आपल्या मोहल्ल्यात दारू हराम, म्हणून दारुडाही कुणी नसतोच. मग इलाज विचारायचा कुणाला? अम्मीने दर्ग्यावर मन्नत मागितली. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. शेवटी एका वॉर्डबॉयने अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभेचा पत्ता दिला. 1935 साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांना सावरत सुरू केलेली ही संगत. फी नाही. पिणं थांबवायची इच्छा, एवढीच अट.

सभा चर्चच्या खोलीत. कुणी पाहिलं तर? तीनदा दारातून परतलो. चौथ्यांदा आत गेलो. एका रिक्षावाल्याने खुर्ची सरकवली, ‘‘बसा. फक्त आजचा दिवस प्यायची नाही.’’ जात-मजहब कुणी विचारला नाही. मी दारुडा आहे, हे प्रथमच मोठ्याने बोललो.

बायको अजून परतलेली नाही. पण काल मुलीने फोनवर विचारलं, ‘‘अब्बा, आज मीटिंग को गये थे?’’