कुलूप मजबूत आहे, दाराचं काय?

एटापल्ली-भामरागडकडची बातमी करताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. "भाऊ, व्हॉट्सॲपवर तं सगळं लॉक रायते म्हनते ना? मंग भेव कायचं?" बोलणारा कधी ग्रामसभेचा माणूस असतो, कधी खाणीबद्दलचा कागद देणारा. त्याचं नाव फुटलं तर काय होतं हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. इथं वर्षानुवर्षं विचारणारे दोन्ही बाजूंनी आले. म्हणून त्याच्या प्रश्नाला "हो रे, सेफ आहे" एवढं उत्तर पुरत नाही.

आधी कुलूप समजून घेऊ. मला तुमच्याकडून गुपचूप कागद हवा आहे. मी तुम्हाला उघडं कुलूप पाठवतो, किल्ली माझ्याच खिशात. तुम्ही कागद पेटीत टाकून कुलूप दाबता. आता ती पेटी एसटीतून येवो की कोणाच्या हाती, उघडणार मीच. एन्क्रिप्शनचं मूळ तत्त्व हेच. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये ते सगळ्यांसाठी लागू केलं, त्यामुळे मजकूर मधल्या कंपनीलाही वाचता येत नाही. २५६ बिटच्या कुलपाच्या शक्य किल्ल्यांची संख्या ७८ अंकी आहे. एकेक लावून पाहायची म्हटलं तर जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपूनही जमणार नाही.

मग २०१९ मध्ये काय झालं? इस्रायलच्या एनएसओ कंपनीच्या पेगासस स्पायवेअरने जगभरातल्या सुमारे १४०० फोनना लक्ष्य केलं, असं व्हॉट्सॲपनेच सांगितलं. ज्यांना इशारा मिळाला त्यात नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. व्हिडिओ कॉल यायचा, तो उचलायचीही गरज नव्हती. यात कुलूप कोणी फोडलं नाही. मेसेज वाचायला तुमच्या फोनवर तो उघडावाच लागतो, आणि हेर नेमका तिथे बसतो.

नागपूरचेच दुसरे वकील सुरेंद्र गडलिंग. एल्गार परिषद प्रकरणात आरोपी, सूरजागडच्या जाळपोळ प्रकरणातही आरोपी. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेच्या आर्सेनल कन्सल्टिंगने त्यांच्या कॉम्प्युटरची कॉपी तपासली. २०२१ चा त्यांचा अहवाल म्हणतो की हा कॉम्प्युटर २० महिने हॅकरच्या ताब्यात होता आणि त्यात फाइल टाकल्या गेल्या. एनआयएला हे मान्य नाही, खरं-खोटं कोर्ट ठरवेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या: आत शिरलेला नुसता वाचत नाही, तो लिहूही शकतो.

आता म्हणाल, आपल्यावर पेगासस कोण सोडणार? बरोबर आहे, ते महागडं हत्यार आहे. आपल्याकडे त्याची गरजच पडत नाही. घरात एकच फोन, पॅटर्न पोरापासून शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत. रस्त्यात अडवून कोणी "फोन उघड" म्हटलं की ७८ अंकांची किंमत शून्य. ग्रुपमधला एखादा स्क्रीनशॉट काढतो. गुगल ड्राइव्हवरचा बॅकअप कुलूपबंद करायची सोय २०२१ पासून आहे, पण ती आपण स्वतः चालू करावी लागते. शिवाय कोण कोणाशी, कधी बोललं ही नोंद कंपनीकडे राहू शकते. खबर देणाऱ्यासाठी तीच पुरेशी धोक्याची.

तिकडे सरकार २०२१ च्या आयटी नियमांनुसार मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला ते शोधून द्या म्हणतं. अफवा आणि गुन्हे रोखायला ते हवं, हा सरकारचा मुद्दा. एन्क्रिप्शन तोडायला लावलं तर आम्ही भारतातून जाऊ, असं व्हॉट्सॲपने एप्रिल २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात सांगितलं. मला विचाराल तर हे कुलूप टिकलंच पाहिजे. चोरासाठी पाडलेलं भोक उद्या ग्रामसभेच्या माणसासाठीही वापरलं जाईल.

पण तोवर माझ्याशी बोलणाऱ्यांना एवढंच सांगतो: मेसेज आपोआप पुसले जातील अशी सेटिंग करा, बॅकअप बंद ठेवा, फोनचं अपडेट टाळू नका. आणि खरंच जोखमीचं असेल तर लिहू नका. निरोप द्या, मी गावात येतो.